पल्याडच्या शिव्या

खाडीला आता सिमेंटचे काठ आहेत. प्लेगनंतर महापालिकेनं सगळी सुरत धुऊन काढली, तेव्हा आमच्या लिंबायतच्या खाडीलाही हात लागला. पाणी मात्र तेच. वरच्या अंगाला डाईंगवाल्यांनी जो रंग सोडला असेल त्या रंगाचं. लहानपणी आम्ही सकाळी काठावर येऊन सांगायचो, आज कुठल्या साडीचा माल निघाला. लाल, पोपटी, कधी शाईसारखा जांभळा. वास सगळ्या रंगांना एकच, नाकात चुना भरल्यासारखा.

परवा उधन्याहून पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून आले आणि नव्या पुलावर थांबले. आमच्या काठाच्या भिंतीवर कोणीतरी ताज्या गेरूनं लिहिलंय, ‘पाकिस्तान मुर्दाबाद’. अक्षर वळणदार. पण लिहिलंय ते पल्याडच्या, म्हणजे खाडीपलीकडच्या मुसलमान वस्तीच्या, बाजूनं. आमच्या गल्लीतून ते दिसतच नाही. पलीकडच्या बायका पाणी भरायला निघाल्या की त्यांनाच दिसेल, असं. सीमेवर लढाई चालू आहे, टीव्हीवर रोज शवपेट्या उतरतायत, आणि आमचे शूर लोक खाडीत गुडघाभर उतरून आईच्या जुन्या ओळखीच्या राबियाखालाच्या खिडकीसमोर घोषणा रंगवतायत. मी लढाई थांबवा म्हणणारी पत्रकं लिहिते, त्यामुळे घोषणा कोणासाठी लिहिली जाते ते मला कळतं. ही कराचीसाठी नव्हती.

पल्याडला पाकिस्तान कधीपासून म्हणायला लागले, ते मला आठवतं. दंगलीच्या त्या वाईट डिसेंबरनंतर. त्याआधी त्या बाजूला ‘पल्याड’ म्हणत, इकडच्या बाजूला ‘अल्याड’, आणि मध्ये कोणाच्या तरी कारखान्यातून उचलून आणलेली एक लांब फळी होती. त्या डिसेंबरात फळी गेली. कोणी उचलली ते दोन्हीकडच्यांना ठाऊक होतं आणि दोन्हीकडचे एकमेकांचं नाव घेत होते. मग रिक्षावालेही म्हणू लागले, “ए बाजु नहीं बेन, ए तो पाकिस्तान.” शाळेत मास्तर नकाशावर बोट फिरवून दोन देश दाखवायचे आणि मागच्या बाकावरची पोरं कुजबुजायची, खाडी कुठंय त्यात?

त्याच्याही आधीचा वास मात्र वेगळा आहे. तो आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा.

आम्ही खानदेशातले, नंदुरबारकडचे. बापाला मागानं सुरतेला आणलं, आईला बापानं. आखाजीला गावात लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. लिंबायतमध्ये झोक्याला झाड कुठलं? आमचे झोके कारखान्याच्या पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला. सणाला माग बंद असायचे. बारा महिने खटाखट खटाखट ऐकलेल्या कानांना ती शांतता खोटी वाटायची, कोणीतरी दबा धरून बसल्यासारखी. मग त्या शांततेत बायकांचे आवाज चढायचे. उलट्या खापरावर मांडे भाजल्याचा वास, आमरसात पडलेली वेलदोड्याची पूड, घामेजल्या नव्या पोलक्यांचा खळीचा वास. आणि संध्याकाळी शिव्या.

हे बाहेरच्यांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. आमच्याकडे आखाजीला दोन गावांच्या बायका नदीच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि एकमेकींना शिव्या देतात. गाण्यात देतात, हात नाचवून देतात. एका काठानं दिली की दुसऱ्या काठाची बारी. नवरे, सासवा, शेळ्या, कोणाला सोडायचं नाही. सूर्य बुडाला की बंद. शेवटची शिवी ज्यांची, तो काठ जिंकला. ज्यांना उत्तर सुचलं नाही त्यांना वर्षभर तोंड लपवावं लागतं. मग दुसऱ्या दिवशी त्याच बायका एकमेकींच्या घरी सांजोऱ्या घेऊन जातात. ज्याच्याशी काही नातं नाही त्याला शिवी द्यायची नाही, एवढा एकच नियम.

सुरतेत नदी नव्हती, खाडी होती. अल्याड आम्ही, पल्याड राबियाखाला आणि तिच्या शेजारणी. राबियाखाला मुसलमान, पण आईच्याच तालुक्यातली. तिचा नवराही मागावर. दोघींची गावं एका ओढ्यानं तोडलेली. लहानपणी दोघी त्या ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून भांडल्या होत्या आणि लग्न होऊन इथं आल्या तर इथंही समोरासमोर. आई म्हणायची, “राबीनं माझा पिच्छा सोडला नाही.” राबियाखाला म्हणायची, “सुमन, तुना तोंडना आवाज ऐकाले सुरतले उनू मी.” तुझ्या तोंडाचा आवाज ऐकायलाच सुरतेला आले म्हणे! मी झोक्यावर बसून ऐकायची. मला अर्ध्या शिव्या कळायच्या. ज्या कळायच्या नाहीत त्यांना बायका जास्त हसायच्या.

डिसेंबरनंतर ते थांबलं. फळी नव्हती, तोंडं होती, पण कोणी काठावर आलं नाही. आखाजी यायची, मांडे भाजले जायचे, संध्याकाळी बायका खिडकीत उभ्या राहून समोर बघायच्या. समोरच्या खिडक्यांतही कोणी उभं असायचं. पण आधी तोंड कोणी उघडायचं? आता शिवी दिली आणि ती खरी धरली तर?

अशा काळात हमिदाखाला आली.

वर्ल्डकपचा उन्हाळा होता. पाकिस्तानबरोबरची मॅच होऊन महिना उलटला होता तरी आमच्याकडे चर्चा एकच, कुठली विकेट पडल्यावर पल्याड फटाका वाजला. बाप म्हणायचा, लग्नाचा असेल. कोणी ऐकायचं नाही. आणि त्यातच बातमी आली की राबियाच्या घरी पाहुणी उतरली आहे, राबियाची थोरली बहीण, आणि ती कराचीहून आली आहे.

आमच्या गल्लीनं पाकिस्तानी माणूस तोवर टीव्हीत पाहिला होता, बॉलिंग करताना. आता तो साठी ओलांडलेल्या, समोरचे दात नसलेल्या, फुलाफुलांची ओढणी घेतलेल्या बाईच्या रूपात समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालत होता. सगळी गल्ली बघत होती. मीही बघत होते. तिची सुटकेस केवढी होती, ती रोज पोलिसचौकीत का जाते, तिच्या डोळ्यांत सुरमा आहे की दुसरं काही, सगळ्याचा हिशोब ठेवला जात होता. एकदा संध्याकाळी ती गच्चीवरून पश्चिमेकडे बोट दाखवून मोठ्यानं विचारत होती, “ते काय बयी ऱ्हायनं वं तठे?” हजीऱ्याच्या कारखान्यांची ज्योत आभाळात तांबडी दिसते, ती बघून विचारत होती, तिकडे काय जळतंय. साधा प्रश्न. सुरतेत आलेला प्रत्येक नवा माणूस हे विचारतो. पण अर्ध्या तासात आमच्या गल्लीत बातमी पक्की झाली की ती हजीऱ्याच्या गॅसची माहिती काढते आहे.

आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे तिची बोली.

किशोरदादा हा आमच्या गल्लीतल्या तरुण मंडळाचा पुढारी. गणपती, दहीहंडी, वर्गणी, सगळं तोच बघायचा. तो आमच्या ओट्यावर येऊन आईला म्हणाला, “काकू, तुम्ही ऐकलंत? ती अहिराणी बोलते.”

“मग?”

“मग काय मग? कराचीत अहिराणी कुठून आली? आणि कसली शुद्ध! आमची आजी बोलायची तशी. ट्रेनिंग देऊन पाठवलीय, काकू. आपल्या पोरींना तरी येते का इतकी चांगली?”

“तुला येते का?” आईनं विचारलं.

“माझा काय संबंध?”

“नाही, म्हटलं, तू तरी घे ट्रेनिंग.”

ओट्यावरच्या बायका हसल्या, पण तोंडाला पदर लावून. किशोरदादा हसला नाही. त्याचं म्हणणं गल्लीत टिकलं. आजही मला याच गोष्टीचा राग येतो, हसू येत नाही. आम्ही सुरतेत राहून बोली विसरलो. आमच्या तोंडात अर्धी गुजराती, अर्धी हिंदी. जिनं पन्नास वर्षं समुद्राकाठी परक्या शहरात ती जशीच्या तशी जपली, तिच्यावर आम्ही संशय घेतला, कारण ती आमच्यापेक्षा जास्त आमची होती.

हमिदाखालाचं लग्न झालं तेव्हा कराची दुसऱ्या देशात नव्हती. शेजारच्या गावातल्या माणसाचा मुलगा कराचीच्या गोदीत कामाला होता, त्याला ती दिली. मुंबईहून बोटीनं गेली, बारा-तेरा वर्षांची. वर्षभरात साहेबानं रेघ ओढली आणि बोट पकडून आपल्या घरी गेला. भांडण इथं ठेवून गेला. राबियाखालाची आई मरेपर्यंत एकच म्हणायची म्हणे, “मी पोर लांब दिली होती, परदेशात नव्हती दिली.” इतिहासाची जाडी पुस्तकं मी नंतर वाचली, सभांमध्ये भाषणंही ठोकली. त्या म्हातारीच्या वाक्यापुढे त्यातलं फारसं काही टिकत नाही.

हमिदाखालानं अर्ज करून करून व्हिसा मिळवला तो फक्त सुरतेचा. गाव चार-पाच तासांवर, उधन्याहून भुसावळची पॅसेंजर रोज जाते, पण तिला त्या गाडीत चढायची परवानगी नव्हती. आणि महिना तिनं मुद्दाम हा निवडला होता. मी एकदा बापाचा डबा द्यायला वळसा घालून पल्याडच्या कारखान्यात गेले होते, तेव्हा तिनं मला दारातच पकडलं. “सुमननी आंडेर का तू?” सुमनची लेक का तू? मी मान हलवली. लांब उभी राहिले, खरं सांगायचं तर. तिनं माझी हनुवटी धरली. तिच्या हाताला कसल्या तरी अनोळखी साबणाचा वास होता, गोड, जरा औषधी. म्हणाली, “आखाजीले आंडेर माहेरले येस. मी बी उनू.” आखाजीला लेक माहेरी येते, मीही आले. आणि मग हळूच विचारलं, “तुमन्या बाया शिव्या देतस का आते?”

मी घरी येऊन आईला सांगितलं. आई भाजी चिरत होती. हात थांबला, पुन्हा चालू झाला. “काय उत्तर दिलंस?”

“म्हटलं, नाही देत.”



आखाजीच्या दिवशी ऊन उतरलं तशी हमिदाखाला पल्याडच्या काठावर आली. एकटी. मागं दारात राबियाखाला कपाळावर हात मारत उभी, “आपा, अंदर आ, आपा!” तिनं ओढणी कमरेला खोचली, एक हात कमरेवर, एक हवेत, आणि सुरू केलं.

“अल्याडन्या बाया वं, तोंडे धुई या वं,
तुमना दाल्लासले आमना कुत्रानी हाड दिन्हं वं!”

अल्याडच्या बायांनो, तोंडं धुऊन या, तुमच्या नवऱ्यांना आमच्या कुत्र्यानं हाड दिलं! आवाज म्हातारा, फाटका, पण ताल असा की अंगावर काटा यावा. ती पन्नास वर्षं मनात म्हणत असली पाहिजे. एक संपलं की थांबायची, आमच्याकडे बघायची. आमची बारी होती. आमच्या काठावर बायका जमल्या होत्या, दहा-पंधरा तरी, आणि एकीच्याही तोंडातून आवाज फुटेना. मागं किशोरदादाची पोरं हाताची घडी घालून उभी. मी आईकडे बघत होते. तिचे ओठ हलत होते. उत्तर तिच्या तोंडात तयार होतं, मला दिसत होतं, आणि ती ते गिळत होती.

हमिदाखालानं तीनदा बारी दिली. तीनदा वाट बघितली. मग सूर्य गेला आणि ती ओढणी सोडून आत गेली. भांडणात जिंकलेली बाई इतकी पडलेल्या चेहऱ्यानं जाताना मी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार आला. तक्रार झाली होती. पाकिस्तानी बाईनं भर वस्तीत हिंदू बायकांना शिव्या दिल्या, देशाला दिल्या, दंगा पेटवायचा डाव आहे, वगैरे. कोणी केली? गल्लीत त्या दिवशी प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता. किशोरदादा म्हणत होता, “आई शपथ, मी नाही.” माझा त्याच्यावर विश्वास बसला नाही आणि अजून बसलेला नाही. पण माझा संशय तेवढ्यावर थांबत नाही. त्या काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या घरात मी मनातल्या मनात जाऊन आले आहे.

तक्रार खरी ठरली तर हमिदाखालाला लगेच परत पाठवणार होते, आणि पुढे कधी व्हिसाचं नाव नको. तिचं माहेर आता गल्लीच्या तोंडावर होतं. जमादार एकेकीला विचारत फिरला. बहुतेकींनी सांगितलं, आम्ही घरात होतो, काही ऐकलं नाही. त्यातल्या त्यात सोयीचं उत्तर. मग तो आमच्या ओट्यावर आला. गुजराती माणूस, घामानं भिजलेला. मागं अर्धी गल्ली.

“बेन, ए बाई गाळ बोली के नहीं बोली?” शिव्या दिल्या की नाही, असं विचारत होता.

आईनं डोक्यावर पदर घेतला. “बोली.”

गर्दीत हालचाल झाली. राबियाखालाचा नवरा लांब कोपऱ्यावर उभा होता, तो खाली बघू लागला.

“बोली ने,” आई म्हणाली, “बौ सरस बोली.” फार छान दिल्या म्हणे!

जमादार गोंधळला. “तो फरियाद लिखूँ?”

“कसली फरियाद? आखाजीच्या शिव्या आहेत त्या. तिनं दिल्या, आता मी द्यायच्या. माझी बारी राहिली आहे. तुम्ही तिला पाठवून दिलं तर मी कोणाला देऊ? तुम्हाला देऊ?”

कोणीतरी फिसकन हसलं. मग बायका हसल्या, या वेळी पदर न लावता. जमादारानं टोपी काढून घाम पुसला. त्याला अर्धंमुर्धं कळलं असावं. म्हणाला, ठीक आहे, पण बाई घराबाहेर पडता कामा नये, मला वर जबाब द्यावा लागतो. निघाला. किशोरदादा आईला इतकंच म्हणाला, “काकू, हे बरं नाही केलं.” त्या दिवसापासून आमचं घरही लोकांच्या नजरेत आलं. पाणी भरायला रांगेत उभं राहिलं की बोलणी थांबायची. ते पुढे बरेच दिवस चाललं.

पण त्या संध्याकाळी आई काठावर गेली. सगळ्या बायका गेल्या असं नाही, चार-पाच गेल्या, बाकीच्या खिडकीत. हमिदाखालाला घराबाहेर यायला बंदी होती म्हणून ती गच्चीत चढली. आईनं कमरेला पदर खोचला आणि मी कधी ऐकला नव्हता असा आवाज काढला.

“पल्याडनी म्हतारी वं, दात कोठे टाकात वं?
सासरना दारम्हा कोंबड्यासले दिन्हात का वं?”

गच्चीवर हमिदाखाला पोट धरून हसली. दात कुठे टाकलेस, सासरच्या दारात कोंबड्यांना घातलेस का, म्हणून विचारलेली बाई बोळकं उघडं टाकून हसत होती. मग तिची बारी, मग आईची. खाडीचं पाणी त्या दिवशी पिवळं होतं, हळदीसारखं, आणि त्यावरून शिव्या इकडून तिकडे जात होत्या. राबियाखाला रडत होती की हसत होती, सांगता येत नाही. मागं पोरं उभीच होती, कोण कोण बाई गेली ते बघत. मी त्यांना बघत होते.

सूर्य टेकला. आईनं एक जबरदस्त दिली, इथं लिहिता येणार नाही अशी. आता पल्याडची बारी. हमिदाखालानं हात वर केला आणि खाली घेतला. “आते दम लागना व माय. पुढली आखाजीले देसू.” आता दम लागला, पुढच्या आखाजीला देईन.

आमच्या बायका ओरडल्या, “हारनी, हारनी!”

“हारनू नही,” ती वरून ओरडली. “भांडण सरनं नही ना आजून!” हरले नाही, भांडण संपलेलं नाही अजून.

आई मला नंतर म्हणाली, तिला दम बिम काही लागला नव्हता. लेक माहेराहून निघताना काहीतरी मागं ठेवते, म्हणजे परत यावं लागतं. तिला ठेवायला दुसरं काय होतं?

पुढच्या आखाजीला व्हिसा मिळाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी दोन्हीकडे अणुचाचणीचे बॉम्ब फुटले आणि अर्जाचा विषयच संपला. आता ही लढाई. हमिदाखाला जिवंत आहे की नाही ते राबियाखालाला माहीत असेल. मी विचारत नाही. आईही विचारत नाही. दर आखाजीला ती मांडे भाजते आणि संध्याकाळी काठावर जात नाही.

परवा मी पुलावरून गल्लीत आले तर किशोरदादाच्या मंडळाची सभा. मंडप, फुगे, भोंगा. मला बघून तो म्हणाला, “ये पत्रकवाली, तुझी पत्रकं पल्याड वाट, तिकडे गिऱ्हाईक आहे.” मी त्याला एक दिलंच. त्यानं ते घडी करून खिशात घातलं, वाचायला की पुरावा म्हणून, देव जाणे. भाषणं झाली. मग त्यानं माइकवर आईचं नाव पुकारलं. “आपल्या सुमनकाकू! यांच्यासारख्या शिव्या आख्ख्या लिंबायतमध्ये कोणाला येत नाहीत. काकू, या. आज पाकिस्तानला होऊन जाऊ द्या!”

मला वाटलं ती जाणार नाही. ती गेली. पायऱ्या चढली, माइक हातात घेतला, फुंकर मारून बघितला. आईनं कमरेला पदर खोचला नाही.

“मी देवाव नही,” ती म्हणाली. “बारी मनी नही. तिनी शे.”

मी देणार नाही, बारी माझी नाही, तिची आहे. पोरांना बोली कळत नव्हती, त्यांना ती शिवीच वाटली. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या, कोणीतरी शिट्टी घातली. दोन-चार म्हाताऱ्या मात्र एकमेकींकडे बघत राहिल्या. भोंग्याचं तोंड मंडळानं मुद्दाम पल्याडच्या बाजूला करून बांधलं होतं, तिकडच्यांना शब्द न् शब्द ऐकू जावा म्हणून.